येथे गणपती

सोमवार, २० फेब्रुवारी १९८९, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. करंजखेडच्या पोलीस ठाण्यात दत्तात्रय गणेश माळवदे, निवृत्त अव्वल कारकून, यांनी लेखी तक्रार दिली. तक्रार नरहरी खटावकर या छापखान्याच्या मालकाविरुद्ध होती. माळवद्यांचा मुलगा आणि खटावकरांची मुलगी यांचं लग्न तेरा दिवसांवर आलं होतं.

व्याह्यानं व्याह्याविरुद्ध केलेली तक्रार, पण कारण मानपानाचं नव्हतं. कारण होतं राष्ट्रीय बोधचिन्हाचा गैरवापर.

मी तेव्हा एका जिल्हा दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. दिवसभर बातम्या गोळा करायच्या आणि पाचच्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती पाकीट द्यायचं, हे माझं काम. सकाळचे दोन-तीन तास मोकळे असायचे, तेवढ्यात खटावकरांच्या छापखान्यात बसून प्रुफं वाचायचो. त्या दिवशी सहकारी दूध संस्थेचा वार्षिक अहवाल वाचत होतो. कोपऱ्यात स्टुलावर नरहरीअण्णा बसले होते, डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते आणि दुसरा डोळा रांगेत होता. मशीनवाला गावी गेलेला, म्हणून त्यांची मुलगी कुंदा ट्रेडल चालवत होती. ट्रेडल म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं यंत्र. एकेक कागद हातानं आत द्यायचा आणि हातानं काढून घ्यायचा. चुकून बोट आत राहिलं तर तेही छापून निघेल, असं अण्णा नव्या माणसाला सांगायचे.

पावणेबाराला सुरेंद्र माळवदे सायकलवरून आला. नियोजित जावई. पंचायत समितीत कनिष्ठ सहायक. पँटला सायकलची क्लिप तशीच. उंबऱ्याच्या आत यावं की न यावं, हे त्याला ठरवता येईना.

"अण्णा, बाबा ठाण्याला गेलेत."

"ठाण्याला?" अण्णा म्हणाले. "एवढ्या लांब? तिकडं कोण तुमचं? पोस्टानं पाठवली असती की पत्रिका."

"मुंबईकडचं नाही हो. पोलीस ठाण्याला."

ट्रेडल थांबलं.

सुरेंद्रनं खिशातून पत्रिका काढून माझ्या हातात दिली. वरपक्षाची पत्रिका. व्याह्याचाच छापखाना म्हटल्यावर माळवद्यांच्या पत्रिकाही इथंच छापल्या होत्या. मी वाचायला सुरुवात केली आणि पहिल्या ओळीच्या वरच थांबलो. जिथं गणपती असतो तिथं तीन सिंह होते. सिंहांच्या खाली 'सत्यमेव जयते'. आणि त्याच्या खाली, दोन उभ्या दंडांच्या मध्ये, 'श्री गजानन प्रसन्न'.

"काय झालंय?" अण्णा उघडा डोळा बारीक करत म्हणाले.

"गणपतीच्या जागी सरकार आलंय," मी म्हणालो.

इथं अण्णांचा एक नियम सांगायला हवा. त्यांच्या छापखान्यात प्रूफ काढताना गणपतीचा ठोकळा कधी बसवत नसत. प्रुफाच्या कागदावर नंतर शाईचे हात पुसले जातात, चहाचे ग्लास ठेवले जातात. तिथं देव नको. म्हणून लग्नपत्रिकेच्या प्रुफात वरची जागा रिकामी राहायची आणि तिथं पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं, 'येथे गणपती'. देव बसायचा तो सगळ्यात शेवटी, प्रत्यक्ष छपाईच्या वेळी. हे प्रूफ मीच वाचलं होतं. 'चि. सौ. कां.'मधली टिंबंसुद्धा मोजली होती. रिकाम्या जागेत काही चुकलेलं नव्हतं. खाली माझा नेहमीचा शेरा होता. वाचलं. बरोबर.

कुंदानं फडक्याला हात पुसत पत्रिका पाहिली.

"दोन्ही ठोकळे एकाच खणात असतात," ती म्हणाली. "माप पण एकच. तहसीलच्या सूचना छापतो ना आपण, त्याचे सिंह."

"अगं पण गणपतीला सोंड असते!" अण्णा म्हणाले.

"आणि सिंहाला आयाळ. शाई लागली की दोन्ही काळेच, अण्णा. त्यात उलटे."

"किती वाटल्यात?" मी सुरेंद्रला विचारलं.

"दोनशेच्या वर गेल्यात. आत्याच्या यजमानांनी पोस्टमनकडून घेतलीच नाही. त्यांना समन्स वाटलं. मावशीनं सिंहांना हळदकुंकू लावून पत्रिका देव्हाऱ्यात ठेवलीय. आणि काल बाबांचे जुने साहेब भेटले. म्हणाले, माळवदे, मुलगा कलेक्टर झाला का?"

"तुझ्या बाबांच्या कसं लक्षात आलं नाही?" अण्णा म्हणाले. "सगळे पत्ते त्यांनीच लिहिले ना?"

सुरेंद्र ओशाळला. "त्यांनी पस्तीस वर्षं सिंहांचेच कागद वाचलेत. वर सिंह नसते तर खटकलं असतं."

कुंदा हसली. अण्णांनी पट्टी नसलेल्या डोळ्यानं तिच्याकडं रागानं पाहिलं. एका डोळ्यानं पाहिल्यामुळे राग निम्माच पोचला असावा.

"पण ठाण्यात कशाला जायचं?" अण्णा म्हणाले. "इथं यायचं. मला चार शिव्या द्यायच्या."

"बाबा म्हणतात, तू सरकारी नोकर. कुणीतरी तक्रार करणारच. त्याआधी आपणच केली की आपण अर्जदार झालो. अर्जदारावर कारवाई होत नाही."

"म्हणजे माझ्यावर होते."

सुरेंद्रनं पँटची क्लिप काढून हातात घेतली. मग म्हणाला, "ते म्हणालेत, कारवाई झाली तर त्या घराशी सोयरीक ठेवता येणार नाही. मी नाही म्हटलं. पण त्यांनी अर्जाची स्थळप्रतसुद्धा काढलीय."

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांच्या डोळ्यांसमोर त्या वेळी लग्न होतं आणि फक्त लग्न. मला मात्र पलीकडं उभं असलेलं ट्रेडल दिसत होतं. लग्नाच्या बैठकीत मुलाला मोटरसायकल द्यायची ठरली होती. माळवदे 'मागणी' म्हणाले नव्हते. 'मुलाला कार्यालय लांब पडतं' एवढंच म्हणाले होते. अण्णा समजले होते. गाडीसाठी ट्रेडल विकायचं ठरलं होतं आणि बुधवारी बार्शीचा एक छापखानेवाला टेम्पो घेऊन येणार होता. म्हणजे तक्रार टिकली तर लग्न जाणार आणि मिटली तर ट्रेडल. यातली दुसरी गोष्ट अण्णांच्या हिशेबी संकटात धरलेलीच नव्हती. मुलीच्या बापाला ते करावंच लागतं, असं ते म्हणायचे. कुंदानं त्यावर काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. बैठकीच्या दुसऱ्या दिवशीही ती वेळेवर येऊन ट्रेडलला तेल घालत होती.

"चला," अण्णा टोपी शोधत उठले. "सोनटक्के, तुम्ही पण चला. फौजदार तुमच्या ओळखीचा आहे."

"मी पण येते," कुंदा म्हणाली.

"ठाण्यात? लग्न ठरलेल्या पोरीनं?"

"नवरी मीच आहे ना? मग लग्न कशानं मोडतंय ते मला बघू दे."

छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत भिंतीवरच्या तारेला टोचून ठेवलेली असायची. जाता जाता तिनं त्यातला एक कागद ओढून घेतला आणि घडी करून मुठीत धरला.

फौजदार मुजावर टेबलावर उकडलेल्या शेंगा पसरून बसले होते. समोरच्या खुर्चीवर माळवदे ताठ बसलेले, मांडीवर कापडी पिशवी. आम्ही आत गेलो तशी त्यांनी मान दुसरीकडं वळवली. अण्णांनी सवयीनं नमस्कार केला. माळवद्यांनीही सवयीनं हात जोडले, मग लक्षात येऊन सोडले.

"या पत्रकार," मुजावर म्हणाले. "शेंगा घ्या. ही काय भानगड आहे हो? मला पण आलीय ही पत्रिका. शनिवारी आली. मला वाटलं, वरून बंदोबस्ताचा आदेश आला. मी आवक नोंदवहीत चढवली. आवक क्रमांक दोनशे सतरा."

"चढवली?" माळवदे दचकले.

"सिंह बघितले की चढवतो आम्ही."

"मग आता ती काढता येणार नाही," माळवदे खोल आवाजात म्हणाले. आवक नोंदवहीबद्दलचा त्यांचा आदर प्रामाणिक होता.

मुजावरांनी अर्ज उचलून मोठ्यानं वाचला. "'उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करतो की, सदर इसमाने माझे चिरंजीवांचे विवाह निमंत्रणपत्रिकेवर श्री गणेशाऐवजी भारत सरकारचे बोधचिन्ह हेतुतः अथवा निष्काळजीपणाने छापून...' सदर इसम म्हणजे हे?"

"होय."

"तुमचे व्याही."

"सध्या सदर इसम."

"अहो भाऊसाहेब," अण्णा काकुळतीला आले, "चूक झाली. माझा डोळा बघा. पोरीला पण कामाचा ताण. मी सगळ्या पत्रिका परत छापून देतो."

"विषय माझ्या हातात राहिलेला नाही, खटावकर. अर्ज दाखल झालाय."

"दाखल कुठं झालाय?" मुजावर म्हणाले. "माझ्या हातात आहे तो. मला कलम कोणतं लावू ते सांगा. झेंडा फाडला, जाळला, पायाखाली घेतला, तर माझ्याकडं कलम आहे. सिंहांचं माझ्याकडं आजपर्यंत काही आलेलं नाही."

"ते आपण बघायचं. मी अर्जदार."

कुंदानं मुठीतला कागद उलगडून टेबलावर ठेवला आणि शेंगांची टरफलं बाजूला सारली. "हे बघा साहेब. डिसेंबरात तहसीलनं काढली होती ही सूचना. दोन टॅक्सीवाले आणि तो बँडवाला पाटीवर सिंह लावून फिरत होते तेव्हा. आम्हीच छापलीय."

मुजावरांनी चष्मा लावला. "'बोधचिन्हे आणि नावे, अनुचित वापरास प्रतिबंध, अधिनियम, एकोणीसशे पन्नास.' हां. आहे की. 'कोणत्याही व्यक्तीने केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून, कोणत्याही व्यापार, धंदा, व्यवसाय किंवा पेशा यांच्या प्रयोजनार्थ...'" ते थांबले.

"'प्रयोजनार्थ'मधला प्र तुटका निघाला होता," कुंदा म्हणाली. "ती ओळ मी तीनदा जुळवली."

"व्यापार, धंदा, व्यवसाय किंवा पेशा," मुजावर पुन्हा म्हणाले. "म्हणजे धंद्यासाठी सिंह वापरले तर गुन्हा."

"छापखाना हा धंदाच आहे!" माळवदे खुर्चीत पुढं सरकले.

"छापखान्यानं स्वतःच्या पाटीवर लावले असते तर तुमचं बरोबर होतं. पण पत्रिका छापखान्याची आहे का?" मुजावरांनी आपल्याकडची, आवक क्रमांक पडलेली पत्रिका ड्रॉवरमधून काढली. "'आमच्या येथे श्रीकृपेकरून.' कुणाच्या येथे? खाली 'आपले नम्र' कोण? दत्तात्रय गणेश माळवदे. छापली यांनी, पण वापरली कुणी? दोनशे लोकांना सिंह पाठवले कुणी?"

माळवद्यांचा रंग उडाला. "पण मी अर्जदार आहे!"

"आहात ना. अर्जदारही आहात आणि वापरदारही आहात."

"आणि खाली मंजुरीचं पण आहे, साहेब," कुंदा म्हणाली.

"हो, 'खटला भरण्यापूर्वी केंद्र सरकारची मंजुरी.' म्हणजे फाइल दिल्लीला."

माळवद्यांच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी चमकून गेलं. पस्तीस वर्षांत त्यांची एकही फाइल सोलापूरच्या पुढं गेली नव्हती. मग त्या फाइलीवर नाव कुणाचं असेल हे ध्यानात आलं आणि ते पुन्हा खुर्चीत मागं टेकले.

"बाबा," सुरेंद्र दारातून म्हणाला, "अर्ज मागं घ्या."

"मागं घ्यायलासुद्धा कारण लागतं," माळवदे पुटपुटले.

मुजावरांनी एक शेंग फोडली. "कारण आहे. साधा प्रश्न आहे माझा. लग्न हा धंदा आहे का?"

"छे छे! संस्कार आहे. सोळा संस्कारांपैकी."

"वाचलात. आमच्यात तो करार असतो. माझ्या निकाहच्या पत्रिकेवर हे सिंह आले असते तर वकील लावायला लागला असता. तुमच्यात संस्कार. मग व्यापार नाही, धंदा नाही, हे कलम नाही." त्यांनी दोन दाणे तोंडात टाकले. "आता फक्त एक. देणंघेणं काही ठरलंय का? कारण तसं असेल तर मग तो व्यवहार झाला. व्यवहार आला की धंदा आला, धंदा आला की हे कलम आलं. आणि हुंड्याचं कलम निराळं, त्याला दिल्लीची वाट बघावी लागत नाही."

ठाण्यातला पंखा एका फेरीला एकदा कुरकुरायचा. तो सात-आठ वेळा कुरकुरला. अण्णा सरळ माणूस. पोलिसानं विचारलं की खरं सांगायचं, एवढंच त्यांना माहीत. त्यांनी घसा साफ केला.

"तशी साहेब, एक गा..."

"अण्णा, थेंब!" कुंदा म्हणाली. "बारा वाजून गेले की. डोळ्यात थेंब घालायचे राहिले." तिनं स्वतःच्या पिशवीतून बाटली काढली, अण्णांची मान मागं केली, हनुवटी धरून तोंड मिटवलं आणि पट्टी उचलून दोन थेंब घातले. "आता पाच मिनिटं बोलायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. दवाखान्यात अण्णांबरोबर मीच गेलो होतो.

"काय म्हणत होते हे?" मुजावरांनी विचारलं.

"गार वाटतंय म्हणत होते," कुंदा म्हणाली.

सुरेंद्र आत आला. पहिल्यांदाच त्याचा आवाज मोठा झाला. "काही ठरलेलं नाही, साहेब. मला सायकल आहे. बाबा, सांगा ना तसं."

माळवद्यांनी मुलाकडं पाहिलं, मग होणाऱ्या सुनेकडं, मग आवक क्रमांक दोनशे सतराकडं.

"तोंडी सांगू की लेखी?"

"लेखी."

"कागद द्या."

एकदा कागद पुढं आल्यावर ते सावरले. शर्टाला अडकवलेलं शाईचं पेन काढलं, समास सोडला आणि वळणदार अक्षरात लिहायला लागले. लिहिता लिहिता स्वतःशीच बोलत होते. "'मी खाली सही करणार... लिहून देतो की, सदर विवाहात वरपक्षाने वधूपक्षाकडून रोख रक्कम, दागिने, भांडीकुंडी...'" ते अडले. मला वाटलं, इथंच संपवतील. पण अपुरी यादी सोडून देणं त्या माणसाच्या हाताला जमणारं नव्हतं. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि लिहिलं, "'...अथवा वाहन, स्वयंचलित वा अन्य, यांपैकी काहीही मागितलेले नाही, स्वीकारलेले नाही व यापुढे स्वीकारणार नाही. करिता सदर विवाह हा व्यवहार नसून संस्कार आहे.'"

"वा," मुजावर म्हणाले. "हे शेवटचं तर पत्रिकेवर छापायला पाहिजे होतं."

"दोन प्रती करतो," माळवदे म्हणाले. "एक माझ्या दप्तरी राहील."

साक्षीदार म्हणून मी सही केली. वेळ लिहिली, बारा पन्नास. तक्रार अर्ज मागं घेतल्याचा शेरा पडला. आणि मग माळवद्यांनी, पेनाला टोपण लावून झाल्यावर, अण्णांना नमस्कार केला. अण्णांची पाच मिनिटं संपली नव्हती, त्यामुळे ते नुसते हात जोडून बसले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. थेंबांचं असावं.

"उरलेल्या पत्रिकांचं काय?" बाहेर आल्यावर माळवद्यांनी विचारलं.

"गणपती छापून वर चिकटवते, भाऊसाहेब," कुंदा म्हणाली. "संध्याकाळपर्यंत देते."

"नीट चिकटवा. कोपरे सुटायला नकोत."

दुपारी मी बातमी लिहिली. सहा ओळी, शीर्षक 'लग्नपत्रिकेवर अवतरले सिंह'. छापखान्याची चूक, वरपित्याची तक्रार, समजूत, तक्रार मागं. स्वच्छ बातमी होती. पाचला दहा मिनिटं कमी असताना पाकीट घेऊन स्टँडवर उभा होतो, तेव्हा कुंदा आली. बोटांना खळ लागलेली.

"ही तुमची राहिली होती," तिनं एक पत्रिका पुढं केली. "आमच्याकडची. वधूपक्षाची. आजपासून वाटायला घेतल्यात."

मी पत्रिका पाहिली. वर गणपती होता. सोंड डावीकडं, हातात मोदक, रेघ न् रेघ स्पष्ट. खाली 'श्री गजानन प्रसन्न'.

"यावर बरोबर आहे," मी म्हणालो.

"हो."

"दोन्ही एकाच दिवशी छापल्या ना?"

"एकाच दिवशी. सकाळी आमच्या, दुपारी त्यांच्या. मजकूर थोडा बदलला, बाकी जुळवलेला फर्मा तोच."

"म्हणजे गणपती बसवलेला होता. तो काढून सिंह घातले."

"गणपतीवर शाई साचली होती. धुवायला काढला."

"आणि बसवताना चुकलं."

ती बोटांवरची खळ खरवडायला लागली. मी मनात मोजायला लागलो. वरपक्षाच्या पत्रिका तीनशे. एकेक हातानं आत दिलेली, एकेक हातानं काढून बघून रचलेली. तीनशे वेळा. डिसेंबरातली ती सूचना, शिशाचा एकेक खिळा लावून जुळवलेली, एक ओळ तीनदा. तारेवरच्या पन्नास-साठ कागदांतून तो एक कागद न शोधता हाती आलेला.

"कुंदा," मी म्हणालो, "हे तू..."

"दादा, तुमची एस.टी. सुटतेय," ती म्हणाली.

कंडक्टरनं घंटी दिली होती. मी पाकीट उघडलं, ती सहा ओळींची बातमी बाहेर काढली आणि बाकीचं पाकीट दिलं. खात्री नसलेली बातमी पाठवायची नाही, हा माझा नियम होता. दुपारी तीन वाजता जिची पूर्ण खात्री होती ती बातमी पाच वाजता राहिली नव्हती.

बुधवारी बार्शीचा टेम्पो आला आणि चहा पिऊन रिकामा परत गेला. अण्णांना गाडी द्यायचीच होती. माळवद्यांनी ऐकून घेतलं नाही. "मी लिहून दिलंय, खटावकर. एक प्रत ठाण्यात आहे." लग्न रविवारी, ५ मार्चला झालं. मुजावर साध्या कपड्यांत आले होते. पंगतीत माळवद्यांच्या एका चुलतभावानं 'गाडी दिसत नाही कुठं' असं विचारलं, तेव्हा माळवद्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून जबाबाची प्रत काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवली आणि चष्मा आणलाय का म्हणून विचारलं. माळवद्यांच्या पत्रिका उजेडात धरल्या की चिकटवलेल्या गणपतीच्या पोटात तीन सिंह दिसत. माझ्याकडं त्यातली एक आहे.

कुंदानं ट्रेडल आणखी चौदा वर्षं चालवलं, मग ऑफसेट घेतलं. सुरेंद्रनं मोटरसायकल स्वतः घेतली आणि ती मुख्यतः कुंदाच कागदाची रिमं आणायला वापरायची. २००५ साली बोधचिन्हासाठी वेगळा कायदा आला. त्यात धंद्याबाहेरचा वापरही आला. मुजावरांचा मुद्दा आज टिकला नसता. हे सांगायला मी त्यांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "तेव्हा तरी कुठं टिकला असता? पोरगी माझ्याकडं बघत होती, म्हणून विचारलं." अण्णा २००८ साली गेले, माळवदे २०११ साली. त्यांच्या कपाटात ती प्रत सापडली, बाजूला 'कायम जतन' असा शेरा.

गेल्या महिन्याच्या चार तारखेला मी कुंदाला फोन करून सांगितलं की, ही बातमी आता देतोय.

"चौतीस-पस्तीस वर्षांनी?" ती म्हणाली. "डेडलाइन गेली की."

"एकच प्रश्न राहिलाय. त्याशिवाय बातमी पुरी होत नाही."

"मग लिहून पाठवा. छापायच्या आधी प्रूफ मला दाखवायचं."

हा मजकूर मी त्याच आठवड्यात टपालानं पाठवला. स्टँडवरच्या प्रसंगानंतर एका ओळीची जागा मोकळी सोडली आणि तिथं पेन्सिलीनं लिहिलं, 'येथे उत्तर'.

काल सकाळी साडेदहाला प्रूफ परत आलं. चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलेत. एका ठिकाणी 'घंटी'ची 'बेल' केलीय, ती मी स्वीकारलेली नाही. मोकळ्या जागेला हात लावलेला नाही. शेवटच्या पानाच्या तळाशी लाल शाईत दोन शब्द आहेत.

वाचलं. बरोबर.